सावळारामच्या मोटारीचा जीव

"ढकला! अरे जोर लावा की! दिवाळीचे लाडू काय नुसते मिरवायला खाल्ले व्हय रं?"

सावळाराम ड्रायव्हर चाक धरून आत बसला होता आणि तिथूनच ओरडत होता. बाहेर ओढ्याच्या गार पाण्यात दहा-बारा माणसं त्याच्या मोटारीला मागून खांदे लावून रेटत होती. त्यांत तेरा वर्षांचा गंगाधर होता आणि त्याची धाकटी बहीण नलूही होती. परकराचा ओचा खोचून, दात-ओठ खाऊन ती मडगार्डला रेटा देत होती.

"नलू, तू बाजूला हो! तुझ्याने काय होणार?"

"आणि तुझ्याने काय झालंय मघापासून? इंचभर तरी हलली का?"

खरंच हलली नव्हती.

ही भावंडं भोरची. दिवाळीच्या सुट्टीत मार्गासनीला मामाकडे आली होती. मामा म्हणजे आनंदराव, तिथल्या शाळेचे मास्तर. खरं तर आज पालीहून राजगड चढायचा बेत होता. शेजारचा गेनू वाट दाखवायला येणार होता. दशम्या बांधून झाल्या होत्या, गंगाधरने नवी विजेरी खिशात टाकली होती. पण बेत गेला उडत! गेनू आता मोटारीच्या मागच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर त्याच्या वडिलांचं, कोंडिबाचं, डोकं होतं.

कोंडिबाच्या पायावर पाच दिवसांपूर्वी भात कापताना विळा बसला होता. एवढंसं तर लागलंय म्हणून त्याने हळद दाबली, वर पाला बांधला आणि पुन्हा खाचरात उतरला. शहाणाच तो! आज सकाळी पाय भोपळ्यासारखा सुजला होता, अंगठा काळा पडला होता आणि अंगात ताप फणफणत होता. मामांनी पाय पाहिला आणि ते म्हणाले, "कोंडिबा, आजच्या आज भोरच्या डॉक्टरांकडे. विष वर चढतंय."

आणि भोरला नेणारी मोटार त्या सगळ्या मुलखात एकच. कुणा साहेबाने वापरून वापरून टाकलेली, कापडी टपाची. सकाळी वेल्ह्याहून निघायची, मार्गासनी, नसरापूर करत भोर गाठायची आणि संध्याकाळी परत. जागा पाचांची, बसायची बारा. पण दसऱ्यापासून तिला काहीतरी झालं होतं. या ओढ्यात उतरली की बंद!

"आसरांचा वढा हाय ह्यो," काठावरून कुणीतरी म्हणालं. "पान्यातल्या देवता त्या, त्यास्नी मोटार खपत न्हाई."

"आली, म्हातारी आली! वाट द्या!"

ठकुबाई, सावळारामची आई, गावातून अर्धा कोस चालत आली होती. हातात नारळ. सत्तरीची बाई, पण आवाज असा की ओढ्यातली म्हसरंही मान वर करून बघत. तिने दगडावर नारळ फोडला, पाण्यात सोडला, मग मोटारीपाशी येऊन म्हणाली, "बाप्यांनी पाठी करा! सावळ्या, तू बी उतर."

सगळ्यांनी पाठ फिरवली. नलू काही बाप्या नव्हती, तेव्हा ती बघत राहिली. म्हातारी पुढच्या बाकापाशी वाकली, पायाखालची एक फळी तिने उचलली आणि आत हात घालून काहीबाही केलं. फळी परत बसवली. "हं, ढकला आता."

सगळ्यांनी रेटा दिला. मोटार धक्क्याने हिंदकळली, फुर्रर्र करून सुरू झाली!

"बघा! नारळ पावला!"

मोटार ओढ्याबाहेर आली, दहा हात गेली, एका दगडावरून उडाली आणि पुन्हा बंद पडली. सावळारामने उतरून हँडल मारमार मारलं. घामाघूम झाला बिचारा. ती खोकलीसुद्धा नाही.

"सावळारामकाका," नलू म्हणाली, "भोंगा वाजवून बघा ना."

"पोरी, हितं काय वरात काढायचीय?"

"नाही, पण परवा शाळेपुढे मोटार बंद पडली तेव्हाही भोंगा वाजत नव्हता. तिथे कुठे ओढा आहे? तिथे नुसता खड्डा आहे."

"गप बस, नले!" मामा म्हणाले. नलू गप्प बसली. पुढे तिला या गप्प बसण्याचा फार पस्तावा झाला.

शेवटी बैलांची जोडी आणून मोटारीला जुंपली आणि ती ओढत पुन्हा गावात आणली. कोंडिबा आत कण्हतच होता.

"मामा, हेच बैल गाडीला जुंपून कोंडिबाकाकांना का नेत नाहीत?" गंगाधरने विचारलं.

"आरं, कशापायी?" उत्तर सावळारामनेच दिलं. "बैलगाडीनं उद्या उजाडता पोचतील, त्यात हाडं खिळखिळी. माजी मोटार दोन तासांत न्हेती. दुपारपातुर चालू हुती बघ!"

सगळ्यांना ते पटलं. मोठ्या माणसांचं असंच असतं. दुपार झाली, मोटार चालू झाली नाही. "सांजंपातुर हुईल," सावळाराम म्हणाला. सांज झाली. "आता सकाळीच बघू," सावळाराम म्हणाला. गेनूची आई, रतनबाई, उंबऱ्यावर बसून ज्याला त्याला विचारत होती, "झाली का वं चालू?" आणि जो तो म्हणत होता, "हुईल, हुईल!"

सकाळी कोंडिबाची नडगीही काळी पडली होती. तो आता कण्हतही नव्हता. डोळे उघडे होते, पण गेनूला तो आप्पा म्हणत होता. हे नाव त्याच्या मेलेल्या भावाचं होतं.

आता मात्र मामा हादरले. बैलगाडीची शोधाशोध सुरू झाली. पण भाताची सुगी! सगळे बैल शिवारात. "दुपारी जोडी सुटंल, मंग देतो," असा निरोप आला. आणि सावळाराम? मोटार दुरुस्त करायची सोडून तो पलीकडच्या वाडीवर देवऋषी आणायला गेला होता!

गेनू शाळेच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, काहीच नव्हतं. गंगाधरला त्याच्याकडे बघवेना.

"गेनू, काहीतरी करू या रे."

"काय करनार? मोठ्यांना काय जमंना, आपुन काय करनार? आबा जातोय, गंगाधर. मला दिसतंय."

"ते फळीखाली काय आहे, ते तरी बघू," नलू म्हणाली. "म्हातारी दर वेळी तिथेच हात घालते."

"बघून काय व्हनार?"

"न बघून तरी काय होतंय?"

मोटार चावडीपुढे उभी होती आणि तिच्या पायरीवर ठकुबाई राखण करत बसली होती. हातात काठी. जवळ आलेल्या दोन पोरांना तिचा प्रसाद मिळालेला होता. नलूने क्षणभर विचार केला आणि गरीब चेहरा करून पुढे झाली.

"आजी, मामी कोंडिबाकाकांची दृष्ट काढतेय. चार मिरच्या घेतल्यात तिने. आणि म्हणते, मीठ काही लागत नाही."

"काय म्हनतीस?" म्हातारी ताडकन उठली. "चार? आनि बिनमिठाची? कुन्या गाढवानं शिकिवलं तिला?"

"मीही तेच म्हटलं, आजी! पण ऐकते कुठे?"

"चल! आदी चल! मास्तरनीला काय कळतंय त्यातलं!" आणि ठकुबाई काठी आपटत तरातरा निघाली. नलूने मागे वळून हळूच हात हलवला.

पोरं मोटारीत घुसली. गेनूने फळी उचलली. खाली अंधारात एक काळी पेटी होती. गंगाधरने विजेरी पेटवली. ती मिणमिणली आणि विझली. त्याने तिला तळहातावर थोपटलं, लागली. जरा हलली, पुन्हा विझली.

"नवी म्हणून दिली आणि ही अशी! आतली पट्टी नीट टेकत नाही हिची. थोपटलं की टेकते, हललं की सुटते..." गंगाधर बोलता बोलता थांबला. त्याने गेनूकडे पाहिलं. "गेनू! मोटार ढकलली की चालू होते. दगडावर आदळली की बंद!"

"मंग?"

"मग काय! हिचीपण कुठलीतरी पट्टी सुटतेय! आसरा नाही आणि फासरा नाही!"

दोघं पालथे पडून आत बघू लागले. त्या पेटीच्या डोक्यावर शिशाच्या दोन जाड खुंट्या होत्या. प्रत्येकीला एक कडं बसवलेलं आणि त्या कड्यातून जाड तार निघालेली. एका खुंटीचं कडं घट्ट होतं. दुसरी खुंटी मात्र दिसतच नव्हती! तिच्याभोवती काळे दोरे गुंडाळले होते. एक, दोन, तीन... सात दोरे. एकाला बिब्बा बांधलेला. सगळ्यावर हिरवट पांढरी भुकटी चढलेली, आणि कडं त्या दोऱ्यांवर नुसतं ठेवल्यासारखं डुगडुगत होतं.

"हे बघ मोटारीचं भूत!" गंगाधर ओरडला. "खुंटीतली वीज तारेत जायची, आणि मधे हे दोऱ्याचं गाठोडं!"

गेनू हळूच म्हणाला, "सावळारामदादा म्हनतो ना, मोटारीचा जीव ह्या पेटीत हाय. म्हनून म्हातारीनं जीवालाच दोरा बांदला. मोटार थांबली की आनिक एक. थांबली की आनिक एक."

"आणि प्रत्येक दोऱ्याने कडं आणखी ढिलं! म्हणून आणखी थांबायची!" गंगाधरने खिशातून चाकू काढला.

पण गेनूने त्याचा हात धरला. "थांब. तोडू नगंस."

"का?"

"खरंच आसरा असल्या तर? दोरा तोडला आनि आबाला काय झालं तर?"

विजेचा धडा त्याने शाळेत वाचला होता, पण मित्राच्या बापाचा जीव कुठल्याच धड्यात नव्हता. मग गेनूनेच हात पुढे केला.

"आबाला आता आनि काय व्हायचं ऱ्हायलंय? दे चाकू. माज्या हातानं तोडतो."

त्याने सातही दोरे कापले.

आता कामाची घाई! कडं घट्ट करायला पाना हवा, तो सावळारामच्या हत्यारांत नव्हताच. गंगाधर धावत जाऊन मामीची सांडशी घेऊन आला. येताना नलूही आली. मागच्या घरात ठकुबाई मामीला दृष्ट कशी काढावी याचा सबंध पाठ देत होती आणि बिचारी मामी, जिने मिरचीला हातही लावला नव्हता, डोळे विस्फारून ऐकत होती. नलूच्या हातात गरम पाण्याचा तांब्या आणि धुण्याचा सोडा होता.

"सोडा कशाला गं?"

"आई तांब्याच्या बंबावरची हिरवी कीट सोड्यानेच काढते. ही भुकटी तशीच दिसतेय."

"पेटीची बुचं घट्ट आहेत ना बघ आधी! आत थेंब जाता कामा नये."

कड्यावर सोड्याचं पाणी पडलं मात्र, सूंऽऽ करून फेस आला आणि भुकटी सुटली. गेनूने ती फडक्याने पुसली, चाकूच्या पात्याने खुंटी आणि कड्याची आतली बाजू खरवडली. खाली चकचकीत शिसं दिसायला लागलं.

गंगाधरने कडं बसवलं, सांडशीने कड्याच्या पिळाची चाकी आवळायला घेतली आणि...

फाट्! निळी ठिणगी उडाली! गंगाधर मागच्या मागे कोसळला. सांडशी दूर जाऊन पडली.

"आसरा!" गेनू किंचाळला.

"आसरा कसली! सांडशीचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं!" गंगाधर हात झटकत उठला. तो हसत होता. "अरे, ठिणगी उडाली म्हणजे पेटीत वीज आहे! भरपूर आहे! जीव गेलेला नाही हिचा!"

सांडशीला फडकं गुंडाळून पुन्हा आवळलं. चाकी शेवटपर्यंत गेली, तरी कडं फिरतच होतं. दोऱ्यांवर बसून बसून ते ताणलं होतं.

"झालं!" गेनू मटकन बसला. "म्या म्हनलं व्हतं. काय बी व्हनार न्हाई."

गेनूच्या घरातून रतनबाईचा आवाज आला, ती कोंडिबाला हाका मारत होती आणि तो ओ देत नव्हता. गेनूने कान झाकून घेतले.

"मधे काहीतरी घालायला हवं," नलू पुटपुटली. "कापड नको. वीज जाईल असं. शिसंच..." आणि ती उठून घराकडे धावली. आली ती चहाच्या पुड्यातला मऊ शिसपत्रा घेऊन. त्याची पट्टी घडी करून खुंटीभोवती बसवली, वर कडं दाबलं, सांडशीने आवळलं. गेनूने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

हललं नाही! केसभरसुद्धा नाही!

गेनूने बैलगाडीच्या कण्याचं वंगण बोटावर आणून वरून फासलं, पुन्हा कीट चढू नये म्हणून. मग तिघंही भोंग्याच्या बटणाकडे बघत राहिली. दाबायची हिंमत कुणाची होईना.

"दाब तू," गंगाधर म्हणाला.

गेनूने दाबलं.

पोंऽऽऽऽऽ!

सगळं गाव दचकलं. चावडीवरची कुत्री पळाली, मामा धोतर सावरत बाहेर आले. गेनू बटण सोडायला तयार नव्हता. गावालगतच्या बांधावर दोन माणसं दिसली. पुढचा बांधावरून उड्या मारत सुटला होता. तो सावळाराम होता, आणि त्याच्यामागे बिचारा देवऋषी झोळी सावरत पळत होता.

"कुनी हात लावला? माज्या पेटीला कुनी हात लावला?" सावळाराम धापा टाकत आला. नलूने मडगार्डवर ठेवलेले सात दोरे दाखवले.

सावळारामचा चेहरा उतरला.

"पयला दोरा दसऱ्याचा," तो खाली मान घालून म्हणाला. "पेटी धुवून पुजली, तवा आईनं बांदला. म्या वरनंच कडं दाबून बसवलं. पाना हरवलेला. म्हनलं, चालतंय की. बाकीचं ती मागनं बांदत गेली, म्या बघितलंच न्हाई."

"चालतंय की!" मामा भडकले. "सावळाराम, अरे, माणूस मरतोय तिकडे!"

ठकुबाई येऊन उभी राहिली होती. तिने दोरे पाहिले, हातात घेतले. "म्या त्येच्या जीवाला राखायला बांदलं व्हतं," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

कोंडिबाला उचलून आत घातलं, तिघं पोरंही चढली. एका हँडलात मोटार सुरू झाली. ओढा आला, सावळारामने डोळे मिटून घेतले असतील तर ते आपल्याला माहीत नाही, पण मोटार पाणी उडवत पार झाली. नसरापूर गेलं. खड्ड्यांवर खड्डे आले. एकदाही बंद पडली नाही. गेनू मात्र दर धक्क्याला वडिलांच्या छातीवर हात ठेवून बघत होता.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काल याच वेळी आणलं असतंत, तर अंगठ्यावर भागलं असतं," ते म्हणाले. "आता गुडघ्याखाली कापावा लागेल. आणखी उशीर झाला असता, तर तेही नाही."

दुपारभर दवाखान्याच्या ओट्यावर माणसं जमत राहिली. सावळाराम ज्याला त्याला तिखटमीठ लावून सांगत होता. गंगाधरचे वकील वडील आले, त्यांनी तिघांच्याही पाठी थोपटल्या. "शाबास! मोठमोठे मिस्त्री हात टेकतील असं काम केलंत!" कुणी नलूच्या शिसपत्र्याचं कौतुक केलं, कुणी गेनूच्या धीराचं. डॉक्टरांनी आपण होऊन सांगितलं, "या पोरांमुळे माणूस वाचला."

गेनू उठून वडिलांच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसला. नलू कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होती.

"आता काय झालं तुला?" गंगाधरने विचारलं.

"मी काल भोंग्याचं म्हटलं होतं, दादा. एकदाच म्हटलं. मामा गप म्हणाला आणि मी गप बसले. ओरडायला हवं होतं रे मी! ओरडायला हवं होतं!" आणि ती रडायलाच लागली. गंगाधरला तिची समजूत घालता आली नाही, कारण तिचं खरं होतं.

कोंडिबा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. गेनू खाटेपाशी होता. रतनबाई पाणी आणायला गेली होती.

"गेनू," कोंडिबाने बऱ्याच वेळाने विचारलं, "पाय गेला न्हवं?"

"व्हय."

"किती?"

"गुडघ्याखालनं."

कोंडिबा छताकडे बघत राहिला. "भात?"

"कापत्यात समदी मिळून. मास्तर बी गेल्यात खाचरात."

"आनि आता मी घरला कसा यायाचा? ती मोटार तर बंद हाय."

"न्हाई, आबा. चालू हाय. तुमाला तिनंच तर आनलं."

"कुनी केली चालू?"

"आमी. म्या, गंगाधरनं, नलूनं. पर आबा, एक दिस उशीर झाला. कालच केली असती तर..."

कोंडिबाने उशाशी चाचपून त्याचा हात शोधला. "तू केलीस?" तो म्हणाला. "शाबास रं माज्या वाघा."

दोन दिवसांत इतकी शाबासकी मिळाली होती, पण गेनूच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र त्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर डोकं ठेवलं आणि तो हमसून हमसून रडू लागला. कोंडिबा त्याच्या केसांतून हात फिरवत राहिला.